थप वाजलेला नळ

आमच्या कारखान्यात भंगार वितळवून मशीनचे पाय ओतत. भट्टीवरच्या माणसाला सगळे ठणठणमामा म्हणत. भंगाराचा एकेक तुकडा हातोडीने वाजवल्याशिवाय तो भट्टीजवळ जाऊ देत नसे. ठण वाजला तर उजवीकडे, भट्टीसाठी. थप वाजला तर डावीकडे, कापून बघायला. एकोणतीस वर्षं, कमरेत वाकून.

मी नवीन असताना विचारलं होतं, "मामा, लोखंड वितळतं, गार झालं की परत लोखंडच. यात भ्यायचं काय?"

"लोखंडाला कोण भितो? मी पाण्याला भितो."

वितळणं, वाफ होणं हे भौतिक बदल. पदार्थ तोच, फक्त रूप बदलतं. पण म्हणून ते निरुपद्रवी नसतात. भंगारातल्या दोन्ही तोंडं बंद झालेल्या नळात, म्हणजे पाइपात, तांब्याभर पाणी अडकलं, तर भट्टीत त्याची वाफ होते आणि ती मोठ्या कपाटातही मावत नाही. नळ फुटतो, वितळलेलं लोखंड अंगावर येतं. नळाच्या चेपलेल्या तोंडाची फट बुजवतो गंज. तो रासायनिक बदल. लोखंडाचा दुसराच पदार्थ होतो, फुगतो, आणि नुसता तापवून परत लोखंड होत नाही. असा पाणी अडकलेला नळ ठण वाजत नाही, थप वाजतो.

त्या सोमवारी मी पलीकडे वाळूचे साचे ठोकत होतो. थप आवाज आला. मान वर केली तर मामाने नळ उजवीकडे टाकला.

मी जाऊन तो उचलला. "मामा, हा थप वाजला."

"काय?"

"थप वाजला."

"बोळे काढ कानातले. ठण वाजला."

मी करवत लावली. तांबूस पाणी माझ्या बुटांवर सांडलं. मामा पाण्याकडे बघत राहिला.

"कधीपासून ऐकू येत नाही?" मी ओरडून विचारलं.

"वर्ष झालं. हाताला कळतं म्हणून रेटत होतो. सांगितलं असतं तर मुकादमाने घरी बसवलं असतं."

सकाळपासून उजवीकडचे तेरा तुकडे भट्टीत गेले होते. वरचे चार अजून वितळायचे होते. त्यांत पोकळ किती, मामाला आठवेना. आम्ही भट्टी बंद केली, सगळ्यांना बाहेर काढलं आणि जाड भिंतीआड उभे राहिलो.

मामाने हातोडी माझ्या हातात दिली. "उरलेले तू वाजव."

तेवढ्यात भिंतीपलीकडे काहीतरी तडकलं. मामाला ते ऐकू आलं नाही. माझं तोंड बघून तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोकं झाकलं.