सिद्धनाथ पुन्हा सुरू झाला

पलूसच्या एका दूध संघाच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर सांभाळते. गावोगावच्या संकलन केंद्रांवरची मशीन आणि ऑफिसातलं मुख्य मशीन यांचं आपसात नीट चाललंय ना, एवढं बघायचं. या कामात बोलावं कमी लागतं, म्हणून ते मला बरं वाटतं.

या सगळ्या मशीनच्या पोटात एक लहानशी सेवा चालू असते. पडद्यावर ती कधी दिसत नाही. केंद्रानं दुधाची फाइल उघडली की पलूसचं मशीन त्या फाइलला केंद्राच्या नावाचं कुलूप घालतं, म्हणजे दुसऱ्या कुणी तीत लिहू नये. मध्येच लाइट गेली तर केंद्राचं मशीन बंद पडतं, पण पलूसला ते समजत नाही आणि कुलूप तसंच राहतं. लाइट आल्यावर ही सेवा पलूसला कळवते की मी अमुक, बंद पडलो होतो, आता सुरू झालोय. मग जुनं कुलूप सुटतं.

ही सेवा कुणाला सारखं "बरा आहेस ना?" असं विचारत बसत नाही, हे मला फार आवडतं. मी पाचगणीला होस्टेलवर असताना मॅट्रन रोज संध्याकाळी दारात उभी राहून प्रत्येकीला "ऑल वेल?" विचारायची. आम्ही सगळ्या "येस मिस" म्हणायचो. रडून डोळे सुजलेली मुलगीही तेच म्हणायची. मीही म्हटलंय.

दसरा झाल्यावर म्हसवडच्या पुढच्या एका केंद्राचं काहीतरी बिघडलं. तिथे लाइट गेली की परत आल्यावर फाइल उघडेना. पडद्यावर एकच वाक्य, फाइल दुसरं कुणी वापरत आहे. ऑफिसातले आमचे साहेब पलूसहून हातानं कुलूप सोडवायचे, पण त्यासाठी सगळीच केंद्रं थोडा वेळ थांबवावी लागायची. तिकडे लाइट तर रोजच जायची. शेवटी साहेब वैतागले.

"ते केंद्रच बंद करू. पलीकडच्या गावात घालतील दूध. तुम्ही जाऊन एकदा बघा, आणि नाही जमलं तर मशीन टँकरमध्ये घालून घेऊन या."

पलीकडचं गाव म्हणजे मधे आख्खा माळ. डोक्यावर कॅन घेऊन बायका तिथवर जाणार नाहीत, हे नकाशा पाहूनही कळत होतं.

विट्याला एसटी बदलून मी म्हसवडला उतरले आणि वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून गावात पोचले. केंद्र चालवणारे काका फौजेतून निवृत्त झालेले. मिशा पांढऱ्या, शर्टाला कडक इस्त्री. दूध संघाची गाडी दिसली नाही, म्हणून त्यांना जरा बरं वाटलं असावं.

"मशीन न्यायला आलाय न्हवं?" त्यांनी सरळच विचारलं.

"बघायला आलेय," मी म्हटलं. ते पुरतं खरं नव्हतं.

संध्याकाळच्या दुधाची रांग लागली होती. मशीनच्या कडेला झेंडूची सुकलेली माळ, कपाळावर लावावा तसा वरच्या पट्टीवर कुंकवाचा टिळा, कळफलकाच्या फटीत आपट्याचं पान. खंडेनवमीला काकांनी वजनकाटा, फॅटचं मशीन आणि कॉम्प्युटर, सगळ्यांची पूजा घातली होती. फौजेत बंदुकीची घालायचे तशीच, म्हणाले.

मी पान अलगद काढलं आणि पडद्यावर सेटिंगची खिडकी उघडली. वरच्या कोपऱ्यात मशीनचं नाव होतं. आम्ही पलूसहून सात नंबर केंद्र असं नाव देऊन पाठवलं होतं. तिथे इंग्रजीत लिहिलं होतं, सिद्धनाथ.

"काका, हे नाव कुणी बदललं?"

"म्याच. पूजा घातली त्याच दिवशी." ते ताठ उभे राहिले. "नंबरानं हाक कैद्याला मारत्यात, म्याडम. ह्यो आपल्यात बसून काम करतोय. देवाचं नाव दिलं. चुकलं व्हय?"

मला सगळं एकदम दिसलं. कुलूप मागताना मशीन आम्ही आतल्या सेटिंगमध्ये लिहून दिलेलं जुनं नाव सांगत होतं. पडून उठल्यावर मात्र ती सेवा मशीनचं आत्ताचं नाव कळवत होती. मी सिद्धनाथ, आता सुरू झालोय. पलूसकडे सिद्धनाथ नावाचं कुणी नव्हतंच. तो रोज कळवत होता, आणि पलूस सात नंबरच्या उठण्याची वाट बघत बसलं होतं.

मी हे काकांना जमेल तसं सांगितलं. रांगेतल्या पहिल्या मावशींनी कॅन खाली ठेवला.

"आगं बया! देव सोता सांगतोय मी आलोय म्हणून, आन् तुमचं पलूस त्याला वळखंना व्हय?"

रांग हसली. काका हसले नाहीत.

"नाव पुसायचं आसंल तर पुसा," ते हळू म्हणाले. "पर केंद्र ऱ्हाऊ द्या. ह्या बाया लय लांबनं येत्यात."

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. मी फोनवर बोलायचं टाळते. शक्यतो मेसेज करते, तोही इंग्रजीत. पण सगळी रांग माझ्या तोंडाकडे बघत होती.

"टँकर निघालाय. मशीन बांधून ठेवा," साहेब म्हणाले.

"नाही सर."

"काय नाही?"

"मशीन इथंच राहील. बिघाड सापडलाय." माझा आवाज मलाच ओळखू येईना. "मी इथलं सेटिंग बदलते. तुम्ही तिकडे या केंद्राचं नाव सिद्धनाथ करा."

"सिद्धनाथ? अहो, बाकी सगळ्यांना नंबर आहेत!"

"हो सर. याला नाव आहे."

पलीकडून कळफलकाचा आवाज आला. "स्पेलिंग सांगा," साहेब म्हणाले.

काम झालं, नव्या नावानं फाइल उघडली, पण लाइट जाऊन आल्यावर उघडेल याची खात्री कशी करायची? मी काकांना मेन स्विच पाडायला सांगितलं. ते उठेपर्यंत लाइट आपणहूनच गेली. रांगेतून "हात्तिच्या!" ऐकू आलं. बॅटरी केव्हाच निकामी झाली होती, त्यामुळे पडदा काळा. मावशींनी कॅनवर पदर टाकला. काका टोपी हातात घेऊन उभे, आणि मी खुर्चीच्या कडेला.

लाइट आली. मशीन घरघरलं, सुरू झालं. मी फाइलवर क्लिक केलं आणि ती उघडली. सकाळच्या शेवटच्या नोंदीखाली रिकामी ओळ होती.

"वता मावशी," काका म्हणाले.

टँकर आला तो दूध घेऊन गेला. निघताना काकांनी आपट्याचं पान परत फटीत खोवलं. त्यामुळे 'एस'ची कळ नीट दाबली जात नाही, हे मला माहीत होतं. तरी मी ते तिथंच राहू दिलं.

आता पलूसला माझ्या पडद्यावर अधूनमधून एक ओळ येते. सिद्धनाथ पुन्हा सुरू झाला. काका फोन करत नाहीत, मीही करत नाही. ओळ आली की तिकडची लाइट आली, एवढं मला कळतं, आणि मी हातातला चहा संपवते.