सांभाळून दिलेली तारीख

कोर्टात त्यांना सगळे तारीखबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, पाठीमागे तारीखबाई. त्या बेंच क्लार्क होत्या. न्यायाधीशांच्या पुढ्यातच, पण एक पायरी खाली, त्यांचं टेबल. वकील मान वर करून साहेबांशी बोलत आणि मान खाली घालून बाईंकडे तारीख मागत. सही साहेबांची, पण कोणत्या दिवशी काय लागणार ते बाई सुचवत. कोणत्या वकिलाची कंबर खरंच दुखते आणि कुणाची फक्त युक्तिवादाच्या दिवशी दुखते, हे त्या चेहरा बघून सांगत.

त्या कोर्टात दालनाबाहेरच्या पाट्या दोन प्रकारच्या होत्या. पक्क्या न्यायाधीशाची पितळी, भिंतीत स्क्रूंनी आवळलेली. हंगामी न्यायाधीशाची म्हणजे लाकडाची पट्टी, खाचेत सरकवायची. बोटाने ढकलली की बाहेर. बाईंच्या दालनाला पितळी पाटी लागून इतकी वर्षं लोटली होती की स्क्रूंची भोकंही रंगाने बुजली होती. एकामागून एक हंगामी साहेब येत. नेमणूक वर्षाची. वर्ष सरत आलं की विधी खातं ठरवणार, साहेबांना पुढचं वर्ष द्यायचं की घरी बसवायचं. आणि या दालनात निम्मे दावे कुणाविरुद्ध? त्याच सरकारविरुद्ध! पंचाला ठेवायचं की काढायचं ते एका संघाच्या कप्तानाने ठरवायचं, आणि वर पंचाला सांगायचं, बाबा रे, तू अगदी निर्भयपणे शिट्टी वाजव. हे सगळं गंभीर चेहऱ्याने चालतं, याचाच बाईंना जास्त राग येई.

घरी सासूबाई विचारत, “तुझे साहेब पक्के कधी व्हायचे गं?”

“आंबे आहेत का ते, अढीत घालून पिकवायला?” बाई म्हणत.

नवरा बस डेपोत मेकॅनिक. तो म्हणे, “आमच्याकडे हंगामी ड्रायव्हर उलट जास्त नीट गाडी चालवतो.”

“चालवेल ना. पण कुणाला चिरडायचं नि कुणाला वाचवायचं, हे डेपो मॅनेजर त्याला सांगत नाही.”

यावर नवरा ताटातलं संपवी.

आताचे साहेब बाईंना आवडत. वयाने धाकट्या दिरापेक्षाही लहान. ऐकून घेणारे. साक्षीदार रडला तर त्याला पाणी द्यायला सांगणारे. चेंबरच्या कोपऱ्यात त्यांच्या पुस्तकांचे दोन खोके होते, आल्या दिवसापासून दोरीने बांधलेले. “उघडत नाही बाई, परत बांधायला कंटाळा येतो,” असं ते हसून म्हणत. मुलीचं नाव शाळेत घालताना मुख्याध्यापिकेने विचारलं होतं म्हणे, पुढच्या वर्षी इथेच असाल ना?

आणि म्हणूनच बाई त्यांच्यासाठी ‘सांभाळून तारीख’ देत. हा शब्द कुठल्या नियमात नाही, पण कोर्टातल्या प्रत्येक क्लार्कला ठाऊक. साहेबांची मुदत संपत आली की सरकारला झोंबतील असे निकाल नव्या नेमणुकीच्या पलीकडे ढकलायचे. कुणी सांगावं लागत नाही, आणि साहेबही विचारत नाहीत. बाईंना तो आपला चांगुलपणा वाटे.

त्या वर्षी गवंड्याचा दावा निकालावर आला. सरकारी इमारतीचं काम चालू असताना परांची कोसळून गवंडी मेला होता. कंत्राटदार वजनदार घरातला. बांधकाम खात्याने हात वर केले आणि कागदावर लिहिलं, हा माणूस दारू पिऊन चढला होता. गवंड्याच्या बायकोचं म्हणणं एवढंच, की तो पीत नव्हता, हे कुणीतरी अधिकाराने सांगावं. मुलांना शाळेत ‘दारुड्याची पोरं’ म्हणत होते.

साक्षी झाल्या, युक्तिवाद झाले. मग एक दिवस विधी खात्यातले एक गृहस्थ साहेबांकडे चहाला आले. दाव्याबद्दल चकार शब्द काढला नाही. चेंबरचा पडदा छान आहे म्हणाले. मुलीची चौकशी केली. उठताना म्हणाले, “तुमच्या मुदतवाढीची फाइल माझ्या टेबलावरच आहे. काळजी करू नका.” काळजी करू नका! सहीसाठी दारात उभ्या असलेल्या बाईंना वाटलं, याच्या कपातली साखर परत काढून घ्यावी.

दोन दिवसांनी दावा पुकारला. साहेब म्हणाले, “निकालासाठी.” बाईंनी सवयीने तारीख दिली. सांभाळून. मुदत संपून नवी नेमणूक मिळाल्यानंतरची. सरकारी वकील गालातल्या गालात हसला. गवंड्याची बायको टेबलाजवळ आली.

“बाई, तेव्हा हेच साहेब असतील ना?”

“असतील की.”

“मागच्या वेळीही तुम्ही असंच म्हणाला होता. त्याच्या आधीही. साहेब बदलले की नवे साहेब म्हणतात, मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. मग मी पहिल्यापासून सांगते. तो कसा पडला, मी डबा घेऊन गेले तेव्हा कसा दिसला.” ती थांबली. “आता सांगताना मला रडूच येत नाही. मग सरकारी वकील म्हणतात, बघा, हिला काही वाटतच नाही.”

बाईंना तिच्याकडे बघवेना. असतील की, असतील की, हे आपण किती सहज म्हणतो!

मधल्या सुट्टीत त्या चेंबरमध्ये गेल्या. साहेबांनी खडसवावं, असं त्यांना मनातून वाटत होतं.

“साहेब, गवंड्याचा निकाल मी मुदतीच्या पलीकडे टाकलाय.”

साहेबांनी मान खाली घातली. खांदे सैल झाले. “बरं केलंत बाई,” ते हळूच म्हणाले.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांवर नव्हे, त्या सैल पडलेल्या खांद्यांवर, चहावाल्या गृहस्थावर आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. त्या गृहस्थाला धमकी द्यावीच लागली नव्हती. त्याचं काम बाई करत होत्या, फुकट आणि मायेने!

“साहेब, निकाल लिहून झालाय ना?”

“ड्रॉवरमध्ये आहे.”

“मग तारीख चुकीची पडलीय. माझ्याकडून. दुरुस्तीवर सही करा, आजच कामाच्या यादीच्या शेवटी घेऊ. दोन्ही बाजू अजून आवारात आहेत.”

“बाई, तुम्हाला कळतंय ना मुदत कधी संपतेय ते?”

“कळतंय. म्हणून तर चूक झाली. आजवर मी तुम्हा सगळ्यांना सांभाळलं साहेब, आणि त्या बाईला पुन्हा पुन्हा नवरा मरताना बघायला लावला. आता माझ्याच्याने व्हायचं नाही. सही नको असेल तर तसं लिहा, पण माझ्या तारखेमागे लपू नका.”

बाहेर वकिलांचा गलका चालू होता. साहेबांनी खोक्यांकडे पाहिलं. मुलीचा फोटो काचेखाली होता, त्याच्याकडे मात्र पाहिलं नाही. मग सही केली.

संध्याकाळी रिकाम्या होत आलेल्या कोर्टात त्यांनी निकाल वाचला. परांची कच्ची होती, खात्याला ते माहीत होतं, आणि गवंडी प्यायलेला होता याला कसलाही पुरावा नाही. सरकारी वकिलाचं हसू मावळलं. गवंड्याच्या बायकोने बाईंना विचारलं, “म्हणजे?”

“म्हणजे तो प्यायला नव्हता. तसं लिहिलंय. सरकार वर अपिलात गेलं तरी तिथे कागद वाचतात. तुम्हाला पुन्हा सांगायचं नाही.”

तेव्हा ती रडली. साहेबांनी शिपायाला पाणी आणायला सांगितलं.

महिनाअखेर झाली. मुदतवाढ आली नाही. साहेबांना काढलं असं कुणी म्हटलं नाही हं! मुदत संपली, एवढंच. इतकं स्वच्छ काम, की कुणाचं बोटही दिसू नये. शिपायाने पट्टी बाहेर ढकलली. खोके होते तसेच टेम्पोत चढले. निघताना साहेब म्हणाले, “बाई, त्या दिवशी घरी जाऊन मी झोपलो. बऱ्याच दिवसांनी.” घरी येऊन बाईंनी भांडी अशी आपटली की सासूबाईंनी पक्क्या-कच्च्याचा विषय पुन्हा काढला नाही.

पुढच्या आठवड्यात खाचेत नवी पट्टी सरकली. नवे साहेब तरुण, चेहऱ्याने भले. पहिल्याच सकाळी त्यांनी बाईंना आत बोलावलं, बसायला सांगितलं, आणि संकोचून म्हणाले, “बाई, माझी नेमणूक वर्षाची आहे. तुम्ही अनुभवी आहात. तारखा जरा सांभाळून द्याल ना?”

बाई उभ्याच राहिल्या.

“साहेब, तारखा मी पक्षकारांच्या सांभाळीन. तुमची तुम्ही सांभाळा.”

आणि बाहेर येऊन त्यांनी पहिला दावा पुकारायला सांगितला.