विसार दिल्यावर लावलेला कौल

देवाला कौल लावायच्या आधीच मी इंजिनाला विसार देऊन बसलो होतो.

ट्रक घरचा. वीसेक वर्षं तो दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने चालवला. त्याचे गुडघे गेले तेव्हा माझ्या गळ्यात आला. मी त्यातून चिरे वाहायचो, खाणीवरून जिथे कुठे घर उठत असेल तिथे. दादा दिवसभर पडवीत बसलेला. संध्याकाळी गाडी वडाच्या चढणीला लागली की आवाजावरून ओळखायचा आणि वहिनीला हाक मारायचा, "गो, चाय ठेव, गाडी इली." मी दारात आणि चहा कपात, एकाच वेळी. बसून राहिलेल्या माणसाकडे तेवढं एकच काम उरलं होतं.

पण इंजिन दमलं होतं, आणि मी त्याच्याहून जास्त. धूर असा, की मागचे मोटारसायकलवाले पुढे जाताना माझ्या आईबापांची आठवण काढत. सकाळी स्टार्टरवर उठायचं नाही, म्हणून रात्री गाडी उतारावर लावायची, चाकाखाली चिरा. सकाळी चिरा काढायचा आणि गाडी निघायच्या आत धावत जाऊन केबिनमध्ये चढायचं. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने ही सर्कस रोज करू नये.

कुडाळच्या मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला, "झिजलेलो सिलिंडर बोअर करून दितंय, वरीसभर चलात. पण कितीदा करतलंस? आता बोअर करूक लोखंड तरी खंय उरला?" नाहीतर कोल्हापुरात भंगारवाल्याकडे अपघातातल्या गाडीचं धडधाकट इंजिन मिळेल, ते बसव.

मी कोल्हापूरला नुसतं बघायला गेलो आणि विसाराचे आगाऊ पैसे देऊन आलो. परतीच्या एसटीत आंबोलीचा घाट उतरेपर्यंत दादाला कसं सांगायचं याची तालीम केली. घरी पोचलो तर मी तोंड उघडायच्या आधीच दादा म्हणाला, "इंजिनाचा देवाक विचारूया. देव सांगात तसा करूया."

तिथेच सांगायला हवं होतं. मी "बरा" म्हटलं आणि चहा प्यालो.

दादाला उचलून केबिनमध्ये बसवलं आणि देवळात नेलं. गुरवाने पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. प्रश्न मीच सांगितला, माझ्या सोयीचा: इंजिन बदललेलं बरं ना? एरवी पाकळी कितीतरी वेळ ढिम्म हलत नाही. त्या दिवशी डावीला जणू एसटी पकडायची होती.

दादाने हात जोडले. मी म्हटलं, "परत एकदा विचारूया. माका प्रश्न नीट सांगूक जमाक नाय."

"देवाक प्रश्न कळलो," गुरव म्हणाला. "तुका उत्तर कळाक नाय."

तरी त्याने पुन्हा पाकळ्या लावल्या. यावेळी एकही पडेना. देवळातली फरशी गार होती. कित्येक महिन्यांत एवढी विश्रांती मिळाली नव्हती. मी खांबाला टेकून चक्क पेंगू लागलो. तेवढ्यात गुरव बोलला, "कायतरी लपयलेला आसा. त्याबगर देव असो गप रवाचो नाय."

दादाने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. "विसार दिलंस?"

"व्हय."

"कधी?"

"बघूक गेललंय, तेव्हाच."

गुरवाने देवाकडे तोंड केलं आणि गाऱ्हाण्याच्या सुरात म्हणाला, "बा देवा महाराजा, ह्या लेकराची अक्कल इंजिनाच्या धुराबरोबर भायर गेली, ती चूक पोटात घाल आणि विसार दिललो आसा तर ता इंजिन गोड मानून घे!"

"व्हय महाराजा!" देवळातली माणसं म्हणाली. त्यात सगळ्यांत मोठा आवाज दादाचा.

परत येताना चढणीवर तो एवढंच बोलला, "ह्या इंजिनाचो आवाज माका कळता रे."

मी गियर बदलला.

इंजिन आलं, बसलं. पहिल्या दिवशी चिरे उतरवून संध्याकाळी परत निघालो. गाडी न कण्हता चढण चढत होती आणि माझंच मन मागे ओढत होतं. आज दादाला कळणार नाही. कुठलीतरी परकी गाडी चालली, असं समजून तो तसाच बसून राहील.

अंगणात गाडी थांबवली. पडवीवर कप ठेवलेला, वाफ येत होती.

"कळला कसा?" मी विचारलं.

"इंजिन काय माका ओळखूक येवक नाय," दादा म्हणाला. "पण वडाच्या चढणीर दुसरो गियर असो कचाकचा मोडणारो गाढव ह्या गावात एकच आसा."