यानिनाची पालथी घागर

शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला, ‘अक्का गेल्या.’ मी तेव्हा धुळ्यात गच्चीवर पापड वाळत घालत होते. खाली उतरले, ऐकलं आणि पुन्हा वर जाऊन पापडच उलटत बसले... रडू आलं ते नंतर, चाळीसगावच्या गाडीत. अक्का म्हणजे माझी मोठी जाऊ. धाकटीला धाकात ठेवायचं सोडून ही बाई मला पोलंडचा शब्द शिकवत बसायची!

तो शब्द ‘झाल’. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिचे वडील नोकरीसाठी कोल्हापूरकडे होते. तिथल्या छावणीत पोलंडची निर्वासित माणसं राहायची, त्यातली यानिना तिची मैत्रीण. आधी नुसत्या खाणाखुणा, मग मोडकंतोडकं बोलणं, मग दिवसभर गप्पा. लढाई संपली, यानिना गेली. कुठे, ते कधीच कळलं नाही. मागे राहिला हा शब्द. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी गावी गेले की अंगणातल्या निंबाच्या झोक्यावर दुपारी आम्ही दोघी बसायचो. झोका आपला हलत राहायचा, डोळे पेंगायचे आणि अक्का सांगायची, “दुःख झालं तरी झाल. काही करायचं राहून गेलं, त्याची चुटपुट म्हणजे झाल. कुणाची कीव आली, झाल. कुणावर मनात राग धरलास, तोही झालच गं.” यानिनाच्या आईने अक्काला सांगितलं होतं, फार पूर्वी त्यांच्याकडे थडग्यालाही हाच शब्द होता. “अगं बाई, मग बोलताना कळतं कसं?” मी विचारायचे. “तोंडाकडे बघायचं,” अक्का म्हणायची आणि पायाने झोका पुन्हा ढकलायची.

आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याने घागर भरतात, वर आंबा ठेवतात. अक्का कुंभाराकडून एक घागर जास्तीची आणायची आणि कोपऱ्यात पालथी ठेवायची. ती यानिनाची. यानिना आहे की गेली, ठाऊक नाही, मग भरायची कशी? एका वर्षी सासूबाईंना दया आली. त्यांनी ती घागर उचलून सुलटी केली, काठोकाठ भरली, वर चांगला पिकलेला आंबा ठेवला. “बठ्ठासले पानी, तिलेच का बरं नई?” सगळ्यांना पाणी, मग तिलाच का नाही, असं त्यांना वाटलं. अक्का स्वयंपाकघरातून आली, पाहिलं, आणि घागर उचलून सगळं पाणी निंबाच्या बुंध्याशी ओतलं. “ती जित्ती शे!” यानिना जिवंतच आहे, असं म्हणत सासूबाईंवर आवाज चढवलेली अक्का मी तेव्हाच पाहिली. म्हातारी बिचारी रडायला लागली. तिने तर चांगलंच केलं होतं! अक्का तिच्याजवळ जाऊन बसली, तिचा हात हातात घेतला. मी अक्काच्या तोंडाकडे बघत होते... राग होता, चुटपुट होती, म्हाताऱ्या सासूची कीवही होती. झोक्यावर इतकी वर्षं ऐकलेला शब्द मला त्या दुपारी कळला.

यंदाच्या आखाजीला अक्काच्या नावाची घागर मीच भरली. अर्धं पाणी पदरावर सांडलं. तिच्याशेजारी दुसरी, यानिनाची, पालथी घातली. अक्काचे यजमान, माझे थोरले दीर भाऊ, दारात उभे होते. थकल्या आवाजात म्हणाले, “आते तरी भरी टाक. वाट देखनारीच गई ना...”

भाऊंपुढे मी आजवर कधी मान वर करून बोलले नव्हते.

“ती जित्ती शे!” मी म्हणाले, आणि माझा आवाज अक्कासारखाच चढला.