महागूचा भोंगा आणि नदीची मयत

महागूचा आवाज ओळखत नाही असं घर मध्यप्रदेशातल्या बालाघाटात शोधून सापडायचं नाही. रिक्षाच्या टपावर बांधलेला त्याचा करडा भोंगा साड्यांचा सेल सांगायचा, कोचिंग क्लास सांगायचा, सर्कस सांगायचा, निवडणुकीत तर सकाळी एका पक्षाचा आणि संध्याकाळी दुसऱ्याचा जयजयकार करायचा. लोक ऐकायचे आणि सोडून द्यायचे. खुद्द महागूही स्वतःच्या बोलण्यावर काडीचा विश्वास ठेवत नसे. जे जे त्यानं भोंग्यातून विकलं, ते ते त्यानं घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. ‘असली तूप’ म्हणून ओरडला, त्या तुपाचा वासही त्याच्या बायकोनं, कमलानं, कधी घेतला नाही. कूलरच्या सेलचा प्रचार त्यानं सलग कितीतरी उन्हाळे केला, म्हणून घरात कूलर नाही. “जे इतकं बोंबलून विकावं लागते, त्यात काही तरी गडबड असतेच,” असं त्याचं म्हणणं. कमला पदरानं वारा घेत म्हणायची, “मंग तुमच्यातबी गडबड आहे म्हणायची, जी.” यावर तो खूश होऊन मिशा पुसायचा.

लालबर्ऱ्याकडच्या एका खेड्यातून तो तरणाताठा असताना शहरात आला, तो टॉकीजवाल्यांसाठी ओरडायला. तेव्हापासून माणसांचा एकच स्वभाव त्यानं पाहिला होता: बोलावणारा कोण आणि त्यात त्याचं काय, हे आधी पाहायचं. तोच स्वभाव त्यानं अंगी बाणवला. कोणी प्रेमानं चहा पाजला तरी त्याला वाटायचं, आता हा काही तरी मागणार.

एका बाबतीत मात्र त्याचा भोंगा खोटं बोलत नव्हता. गावात कोणी वारलं की घरचे लोक महागूकडे यायचे. मग महागू रिक्षावरचे सगळे बॅनर सोडून घरी ठेवायचा, गाणं लावायचा नाही, आणि चौकाचौकात इंजिन बंद करून, आवाज खाली आणून सांगायचा: “बड़े दुख के साथ सूचित किया जाता है...” मग गेलेल्याचं नाव, मोहल्ला, आणि अंतिम यात्रा किती वाजता निघणार ते. या कामाचा मोबदला तो घेत नसे. तेवढा वेळ किराणावाल्याचा तराजू थांबायचा, न्हाव्याचा वस्तरा थांबायचा, आणि ठरल्या वेळी माणसं अर्धं शटर ओढून निघायची. ओळख असो की नसो, खांदा द्यायला माणूस कमी पडला असं कधी झालं नाही. महागूला अख्ख्या आयुष्यात अभिमान वाटावा अशी ही एवढीच गोष्ट होती, आणि तिला तो जिवापाड जपत होता.

त्याच्या या कामाचा जोडीदार म्हणजे तेजराम. हनुमान चौकाच्या मागच्या गल्लीत सायकली दुरुस्त करायचा. महागू पुकारा करायचा आणि तेजराम तिरडी बांधायचा. मोहल्ल्यातली एकही मयत त्यानं चुकवली नाही. पंक्चर अर्धवट टाकून, हात पुसत उठून जायचा. स्वभावानं महागूच्या अगदी उलटा. कोणी काही सांगितलं की त्याला ते खरंच वाटायचं. महागू त्याला भोळा म्हणायचा, आणि त्याच्याशिवाय त्याला करमायचंही नाही.

गेल्या मार्चात देवश्री आली. बालाघाटच्याच एका जुन्या मराठी नोकरदार घरातली पोरगी, आता भोपाळच्या एका जाहिरात कंपनीत. तिनं महागूला चहाच्या टपरीवर गाठलं. हवामान बदलतंय, उन्हाळे तापतायत, वैनगंगा आटत चालली, लोकांनी काही तरी केलं पाहिजे, तर त्यासाठी मोहीम आहे, असं तिनं सांगितलं. इथवर ठीक होतं. पुढं ती म्हणाली, “काका, तुम्ही मयतीचं सांगता ना, तसंच सांगायचं. नदीची अंतिम यात्रा. आधी नाव घ्यायचंच नाही. लोक थांबतील, आणि मग शेवटी नदीचं नाव.”

महागूनं कप खाली ठेवला. “ते जमणार नाही, पोरी. बाकी काय बी सांग. नाचत सांगतो.”

“पण लोक दुसरं काही ऐकतच नाहीत ना! पोस्टर लावले, रॅली काढली, काही उपयोग नाही.”

“तेच म्हणतो मी. आजवर लोकायले ‘घ्या’ म्हटलं, तं काही जणायनं घेतलं. ‘सोडा’ म्हटलेलं कोणी ऐकत नाही. तुह्या नदीसाठी कोण मोटरसायकल सोडते? कोण प्लास्टिक सोडते? आणि खर्च कोण करून राह्यलं याचा?”

देवश्री जरा अडखळली. एक पाण्याची कंपनी करते आहे, म्हणाली. पाऊचमधलं पाणी विकणारी. महागू इतका हसला की टपरीवाल्यानं वळून पाहिलं.

पण तेजरामनं घोळ केला. तो तिथंच बसून सगळं ऐकत होता. संध्याकाळी म्हणाला, “करून टाक ना गा. जन्मभर मेलेल्यायले नेऊन राह्यलो आपण. एकदा जितं कोणी वाचत असन तं काय वाईट आहे?”

“त्यायले नदी नाही वाचवायची. फोटो काढायचे आहेत.”

“काढू दे. फोटोत तं नदीच येईल ना?”

दोन दिवस तो मागे लागला. शेवटी महागू तयार झाला, तेही तोंड वाकडं करून. मोबदल्याचा विषय त्यानं काढूच दिला नाही. म्हणजे निदान हे विकलं असं तरी होणार नाही, अशी त्यानं आपली समजूत घातली. समजूत कच्ची होती, हे त्याला तेव्हाही कळत होतं.

देवश्रीच्या माणसांना तिरडीवर कोणी तरी निजलेलं हवं होतं. नदी म्हणून निळी चादर ओढून. जिवंतपणी तिरडीवर निजायला गावात कोण तयार होणार? भोपाळहून आलेले नटही ऐनवेळी मागे सरले. तेव्हा तेजराम हसत पुढं झाला. स्वतःच बांधलेल्या तिरडीवर स्वतःच आडवा झाला आणि म्हणाला, “पाहू तं दे, कसं लागते ते. इतक्या जणायले निजवलं, कोणी सांगाले परत आलं नाही.” कमलानं हे ऐकलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. “जित्या माणसाले निजवलं? तुमाले काही वाटते का नाही, जी?”

मोहीम गाजली, हे कबूल करावं लागेल. महागूनं चौकाचौकात इंजिन बंद करून सांगितलं, तराजू थांबले, आणि शेवटी नदीचं नाव आलं तेव्हा लोक आधी चिडले, मग हसले, मग चला पाहू तरी म्हणून निघाले. घाटावर ही गर्दी. तिथं तिरडी उतरवली आणि निळी चादर फेकून तेजराम उठून बसला. ‘नदी अजून जिवंत आहे!’ असं त्यानं ओरडायचं होतं. तो ओरडला, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. किराणावाला हिरालाल तर शिट्ट्या वाजवत होता. सगळ्यांनी हात वर करून प्लास्टिक सोडायची शपथ घेतली. फोटो भोपाळच्या पेपरात आले. गर्दी पांगल्यावर महागू मुद्दाम मागे थांबला. वाळूभर कंपनीचे रिकामे पाऊच पडले होते. त्याला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. आपलाच अंदाज खरा ठरला, याचं बरं.

ते पाऊच तेजराम वेचत होता.

आणि तो वेचतच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळीही गेला, तिसऱ्या दिवशीही. दुकान उशिरा उघडू लागला. शपथ घेतलेल्यांपैकी एकानंही प्लास्टिकची पन्नी सोडली नव्हती, निर्माल्य पूर्वीसारखंच पन्नीत बांधून पुलावरून नदीत पडत होतं, आणि हा खाली गोणी घेऊन उभा. महागू म्हणाला, “बस झालं आता. जाहिरात संपली.” तेजराम म्हणाला, “निजलो होतो ना मी तिच्या नावानं. उठून पाह्यलं तं गुडघाभर पाणी नाही. मले लाज वाटली गा.” एवढ्या मोठ्या मोहिमेनं अख्ख्या बालाघाटात एक माणूस बदलला, आणि तो मुळातच चांगला होता.

मे महिन्यात ऊन नुसतं भाजत होतं. देवश्री पुन्हा येऊन गेली होती. पुढची मोहीम ‘लू’वर, उन्हाच्या तडाख्यावर, असं तिनं भर टपरीवर सांगितलं. महागूनं या वेळी साफ नाही म्हटलं, पण ती आल्याची आणि काय म्हणाली त्याची खबर बाजारभर झाली. त्याच आठवड्यात एका सकाळी तेजराम नदीवर गेला तो दुपारपर्यंत परतलाच नाही. वाळूवर गोणीशेजारी पडलेला सापडला. अंग तव्यासारखं तापलेलं. दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता.

महागूनं बॅनर सोडले. गाठी सुटेनात. चौकात येऊन इंजिन बंद केलं आणि भोंग्यातून सांगितलं, “बड़े दुख के साथ सूचित किया जाता है... तेजराम सायकलवाले...” पुढं त्याला रडूच आलं.

हिरालालच्या दुकानातून हसण्याचा आवाज आला.

“काय गा महागू? तेजराम आणखी एकदा मेला का?”

“खरंच गेला, हिरालाल.”

“कशानं?”

“ऊन लागलं. नदीवर.”

हिरालालनं गिऱ्हाइकाकडे पाहून डोळा मारला. “मी म्हटलं नव्हतं? नदीची झाली, आता उन्हाची. अन् रडून बी राह्यला पाहा, अव्वल नंबर! बरं, किती वाजता उठून राह्यला तेजराम, ते सांग. तेव्हाच येतो.”

तराजू थांबला नाही. पुढच्या चौकात न्हाव्यानं वस्तऱ्याचा हातही थांबवला नाही, नुसता “शाबास” म्हणाला. महागूच्या अंगाची लाही लाही झाली. भोंगा उपटून रस्त्यावर आपटावा असं त्याला वाटलं. पण रागवायचं कोणावर? हिरालालच्या जागी तो स्वतः असता तर त्यानंही हेच म्हटलं असतं. बोलावणारा कोण आणि त्यात त्याचं काय, हे विचारल्याशिवाय तो तरी कधी उठला होता?

तेजरामच्या दारात सरिता, त्याची बायको, उशाशी बसली होती. दोन-चार नातेवाईक आणि शेजारी. बांबू आणून ठेवले होते, पण तिरडी बांधायची कशी हे कोणालाच धड येत नव्हतं. ते काम आजवर ज्याचं होतं तो समोर निजलेला. महागूनं बांधायला घेतली, वाकडी झाली, पुन्हा सोडली. निघायची वेळ टळून गेली. कमलानं हळूच विचारलं, “लोक काहून येऊन नाही राह्यले, जी?” रिक्षा तिथंच सोडून तो पायी चौकात गेला, हिरालालच्या गल्ल्यापाशी उभा राहिला आणि त्याचा हात धरला.

“चाल. पाहून घे अन् मंग हास.”

हिरालाल दोघा-तिघांना घेऊन निघाला, थट्टा करतच. अंगणात शिरल्यावर तो थांबला. त्यानं आधी इकडे तिकडे पाहिलं; कॅमेरा कुठं आहे ते पाहत असावा. मग सरिताकडे पाहिलं. मग पुढं होऊन, वाकून, तेजरामच्या पायाला हात लावला. हात तसाच राहिला. “अरे देवा,” तो म्हणाला आणि त्यानं सोबतच्या एकाला बाजारात पिटाळलं.

मग मात्र बाजारात शटर पडू लागली. भोंग्याविना, एकानं दुसऱ्याला सांगत, माणसं येत राहिली, अंगण भरलं, गल्ली भरली. इतकी माणसं पाहून महागूला भडभडून आलं. आपला तेजराम एकटा जाणार नाही, एवढं तरी झालं. येणारा प्रत्येक जण आत येऊन पायाला हात लावत होता. रिवाजच आहे तो. पण महागू पायथ्याशी सुतळी घेऊन उभा होता आणि त्याला हात दिसत होते. कपाळाला लावायच्या आधी हात क्षणभर पायावर थांबत होता. कोणी बोट दाबून पाहत होतं. कोणी नजर छातीवर ठेवून.

सरितालाही ते दिसलं. तिनं हात लांबवून तेजरामच्या पायांवरची चादर वर सारली, घोटे उघडे केले.

“नीट हात लावून पाहा, भाऊ,” ती म्हणाली. “या बारीले उठत नाहीत ते.”

आणि पुढच्या माणसाला जागा व्हावी म्हणून ती जराशी मागं सरकली.