पत्र्यावरची बोगनवेल

“परत आली बघ ती, गळ्यात पट्टा घालून.”

मुरबाडच्या एसटी स्टँडच्या भिंतीला लागून काकड्या विकणारी एक बाई बसते. शेजारच्या टपरीत शिलाई मशीनवर बसलेल्या मावशींना ती हे सांगत होती, आवाज जराही न उतरवता. पट्टा म्हणजे माझ्या गळ्यातलं ओळखपत्र.

“येवं दे गो. फोटो काढील नि जाईल,” मावशी म्हणाल्या.

“आज फोटो काढील, उद्या जेसीबी घेवन येईल.”

दोघी हसल्या. मी टपरीच्या पत्र्यावर चढलेल्या बोगनवेलीचे तीन फोटो काढले, वहीत दोन ओळी लिहिल्या आणि शहापूरच्या गाडीकडे वळले. त्यांचं बोलणं मला नीट ऐकू आलं होतं. थट्टा असेल, असं मी मनाला सांगितलं. थट्टा नाही असं मानलं असतं तर थांबून बोलावं लागलं असतं.

अनोळखी माणसांशी बोलणं मला जड जातं. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरी मराठी, आणि दोन्हींच्या मध्ये कुठेतरी माझी वाक्यं अडकतात. मी वाक्य मनात जुळवेपर्यंत समोरचा माणूस पुढे निघून गेलेला असतो. बोललेच तर ते सरकारी नोटिशीसारखं निघतं. मुरबाडच्या एका लॅबमध्ये मी रिपोर्ट टाइप करते. तिथे फारसं बोलावं लागत नाही, म्हणून ती नोकरी मला मानवते.

झुडपांचे फोटो काढायला लागले तेही अशाच वेळी, कुणाशी बोलावं लागू नये म्हणून. आसनगाव स्टेशनबाहेर मैत्रिणीची वाट बघत उभी होते. रिक्षावाले विचारत होते, कुठे जायचं, कुठे जायचं. मी मोबाइल काढून गटाराच्या कडेच्या झुडपाकडे वळले. एकाच गुच्छात पिवळी, केशरी, गुलाबी बारीक फुलं. “टणटणीचा काय फोटो काढते ती,” एक रिक्षावाला दुसऱ्याला म्हणाला, आणि मला त्या झुडपाचं नाव मिळालं. त्यानंतर नावं मी अशीच गोळा करत गेले, दुसऱ्यांच्या बोलण्यातून. हायवेच्या दुभाजकातली कण्हेर, पानं धुराने काळवंडलेली आणि फुलं मात्र धुतल्यासारखी. शहापुरात पेट्रोल पंपामागे, फुटलेल्या सिमेंटच्या पाइपातून वर आलेलं पिवळ्या घंटीफुलांचं झाड. कुणी पाणी घालत नाही, कुणी बघत नाही, तरी फुलं येतात. वहीत मी जागा लिहायचे, रंग, कशातून उगवलंय आणि अंदाजे उंची.

मावशींची बोगनवेल त्या वहीतली सगळ्यात देखणी. राणी रंगाची, टपरीच्या मागून चढून सगळा पत्रा झाकून रस्त्यावर झुकलेली. दुपारी त्या सावलीत मावशींचं मशीन चालायचं. ब्लाउज, फॉल, शाळेच्या गणवेशाच्या चड्ड्या. धसईकडच्या आपल्या गावातून त्या रोज सकाळी एसटीने येतात. वेलीची काडी त्यांनी गावच्या शाळेच्या कुंपणावरून आणली होती, हे मला फार नंतर कळलं.

मार्चमधल्या एका सोमवारी मी गाडीतून उतरले, तर पत्रा उघडा होता. वेल गुडघ्याएवढी उरली होती. गटारात राणी रंगाच्या फुलांचा ढीग, वरची अजून ताजी. मी चालायची थांबले. काकडीवाली एका गिऱ्हाइकाला सांगत होती, “मोजणीवाली येत व्हती ना, वहीत लिवून न्यायची. मग ह्या मावशी घाबरल्या. वेल रस्त्यावर येते म्हणून टपरीच उचलली तर? आपल्या हातानंच तोडली. आता बाजाराच्या दिवशी टेंपो सांगितलाय, मशीन घरी नेतात. गावात कोण येतंय शिवायला?”

आमच्याकडे गेल्या काही वर्षांत एवढे रस्ते झाले की लोकांना त्याचा क्रम पाठ आहे. आधी कुणीतरी वही आणि मोबाइल घेऊन येतं, काही न बोलता फोटो काढतं. मग झाडांवर, भिंतींवर रंगाने आकडे पडतात. मग जेसीबी येतो. मी इथलीच. हा क्रम मलाही ठाऊक होता. तरी गळ्यात ओळखपत्र घालून, झुडपाची उंची वहीत लिहीत, मी महिनाभर त्या टपरीसमोर उभी राहिले होते, आणि एका शब्दाने कुणाला काही सांगितलं नव्हतं.

पुढचे तीन दिवस मी स्टँडच्या मागच्या गेटने गेले. लॅबच्या खिडकीतून टपरी दिसते. दुपारी मावशी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन मशीन चालवत होत्या. मधूनच उठून पत्र्याला हात लावून बघायच्या आणि झटकन मागे घ्यायच्या. बाजार रविवारी. मी रोज एक वाक्य तयार करायचे आणि रोज गाडी पकडून घरी जायचे. घरी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “मग सांग ना त्यांना. तोंड आहे ना तुला?”

आज हे लिहिताना त्या पत्र्यावर वेल पुन्हा अर्ध्यापर्यंत चढली आहे, आणि खाली मावशींचं मशीन चालू आहे. तिचीच एक काडी आमच्या शहापूरच्या गच्चीत, रंगाच्या जुन्या डब्यात लागली आहे. तिला नवीन फूल आलं की मी त्याचा फोटो मावशींना पाठवते, आणि त्या उत्तरात हात जोडल्याचं चित्र पाठवतात. हात खरं तर मी जोडायला हवेत. झाड पुन्हा फुटलं हा झाडाचा चिवटपणा. पण मी बोलायला लागले ती मावशींमुळे, त्यांच्या नकळत.

त्या आठवड्यातल्या शुक्रवारी मी ओळखपत्र पर्समध्ये टाकलं आणि खांद्यात सैल होणारा एक कुर्ता अंगात घालून गेले. पट्टा नव्हता, तरी मावशींनी लगेच ओळखलं. त्या उठून उभ्या राहिल्या. स्वतःचं स्टूल फडक्याने पुसून माझ्यापुढे सरकवलं.

“या मॅडम, बसा. बघा, काढून टाकलं सगळं. आता रस्त्याला काय आडवं नाय ना?”

तयार केलेलं वाक्य कुठेतरी गेलं. मी कुर्त्याकडे बोट दाखवलं, “खांदा,” एवढंच म्हणाले.

“आल्टर करायचाय? उभ्या ऱ्हावा मग.” काकडीवाली मान उंच करून बघत होती. मावशींनी तीन-चार टाचण्या ओठांत धरल्या आणि माझ्या खांद्याचं कापड चिमटीत घेतलं. त्यांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओरखडे होते, काही सुकलेले, काही अजून लाल. कापडाची कात्री कागदालाही न लावणाऱ्या या बाईने कुणाचा तरी कोयता मागून आणून ते काटे तोडले असणार, एकटीने. खाली त्यांच्या पायाशी वेलीचा बुंधा होता. त्याला तांबूस, नखाएवढे कोंब आले होते.

तोंडात टाचण्या असल्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं. विचारता येत नव्हतं, माझं वाक्य मध्येच तोडता येत नव्हतं. इतका वेळ मला आजवर कुणी दिला नव्हता. एक टाचणी लागली. दुसरी लागली. त्या टाचण्यांची मी अजून ऋणी आहे.

तिसरी लावताना त्यांनी सहज माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मी बोलले.

“मावशी, मी मोजणीवाली नाय. मी समोरच्या लॅबमध्ये टायपिंग करते. तुमची वेल मला आवडायची, म्हणून फोटो काढायचे. तुमी ती माझ्यामुळं तोडलीत. मशीन नका नेऊ, मावशी.”