भर गाण्यात ‘वाह!’

सांगलीहून निघताना शेजारच्या सगळ्यांनी मला एकच गोष्ट बजावली, "संभाजीनगरला चाललाच आहात तर वेरूळ बघून या." मी प्रत्येकाला हो म्हटलं. पिशवीत टोपी टाकली, चालायचे बूट टाकले. पण खरं सांगायचं तर मी लेणी बघायला निघालेच नव्हते. मी माझ्या धाकट्या बहिणीला, वासंतीला, बघायला निघाले होते.

आमची वासू ऑपेरा गाते. हे वाक्य मी सांगलीत इतक्या जणांना ऐकवलं आहे की त्यापुढचं स्पष्टीकरणही आता तोंडपाठ झालंय. ऑपेरा म्हणजे तिकडचं संगीत नाटक, फक्त त्यात बोलणं नावालाच. रागवायचं तर गाऊन, रडायचं तर गाऊन आणि मरायचं असलं तरी आधी दहा मिनिटं गाऊन मग. समोर वाद्यांचा भलामोठा ताफा वाजत असतो आणि गाणारीपुढे माइक नसतो. त्या सगळ्या वाद्यांवरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे, तोही न ओरडता. वासू जर्मनीतल्या नाट्यगृहांमध्ये वीसेक वर्षं हे करत होती. आधी समूहात, मग किरकोळ भूमिकांत आणि शेवटी नायिका म्हणून. आता नवऱ्याच्या वाळूजच्या नोकरीमुळे ती संभाजीनगरला आली आहे आणि आवाज शिकवते. ती आल्यापासून मी पहिल्यांदाच तिच्याकडे चालले होते.

पुण्यात एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी मी मध्यवर्ती बसस्थानकात उतरले. ऊन मी म्हणत होतं. रिक्षावाल्याला पत्ता सांगितला तर त्यानं वळून माझ्याकडे नीट पाहिलं.

"त्या आवाजवाल्या मॅडमकडं जायचंय का मावशी?"

"आवाजवाल्या म्हणजे?" मी जरा ताठच विचारलं.

"आता काय सांगू! सकाळी आऽऽ चालू झालं की अख्ख्या गल्लीला कळतंय सात वाजले. पयले लोक लई वैतागले. आता आमची बारकी पोर त्यांच्यासंगं तसंच करती, दात घासत घासत."

माझा राग पळाला. रिक्षा एका जुन्या कमानीखालून गेली. समोरून येणाऱ्या टेम्पोनं आणि आम्ही एकाच वेळी आत घुसायचं ठरवल्यामुळे दोघेही अडकलो. शेवटी टेम्पोवाला हसत हसत मागे गेला. या शहरातल्या कमानी मोठ्या देखण्या आहेत, पण त्यांच्यातून जाताना त्या बघायला उसंत मिळत नाही.

वासूचा वर्ग पहिल्या मजल्यावर होता. दार ढकललं आणि मी उंबऱ्यातच थबकले. सतरंजीवर पाच-सहा माणसं उताणी पडली होती आणि प्रत्येकाच्या पोटावर ज्वारीच्या पिठाची पिशवी होती. त्यात एक टक्कल पडलेले वकील होते, एक परिचारिका होती. सगळ्यांच्या पिशव्या संथपणे वर-खाली होत होत्या.

"ताई, बस. बोलू नकोस," वासू म्हणाली. किती दिवसांनी भेटलेल्या थोरल्या बहिणीचं हे स्वागत! "ते श्वास शिकतायत. पिशवी हलली पाहिजे, छाती नाही."

वर्ग सुटल्यावर तिनं मला मिठी मारली आणि मग धपाटे (ज्वारीच्या पिठाचे, हातावर थापलेले तिखट थालीपीठवजा) आणि दही पुढ्यात ठेवलं. मी विचारलं, "हे पोटावरच्या पिशवीतलं पीठ का गं?" ती हसली, पण नाही म्हणाली नाही.

त्या धपाट्यांबरोबरच मला खरी बातमी कळली. वासूची सगळ्यात गुणी विद्यार्थिनी म्हणजे खुलताबादची नाझनीन. तिला जर्मनीतल्या एका संगीतशाळेनं बोलावलं होतं. राहण्याखाण्याची सोयही झाली होती. फक्त वडिलांचा होकार बाकी होता. वडील हबीबभाई, दर्ग्याजवळ त्यांचं फुलांचं आणि चादरींचं दुकान. दर गुरुवारी कव्वाली ऐकणारा माणूस. ते वासूला म्हणाले होते, "मॅडम, तुमचं गानं मला कळत नाय, झूट कशाला बोलू. मी पोरीकडं नाय, लोकांकडं बघनार. गानं दिलाला लागलं की मानूस गप बसतच नाय. एकबी जन हलला नाय, तर मी लेकीला परमुलखात कशापायी धाडू?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वासूच्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम होता आणि हबीबभाईंचा निकाल त्यातच लागणार होता.

"मग झालंच की," मी म्हणाले. "पोरगी गुणी आहे, लोक वाहवा करतील."

"नाही करणार," वासू म्हणाली. "माझ्या कार्यक्रमात गाणं संपेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही, असा नियम आहे."

हा नियम कसा झाला, तेही तिनं सांगितलं. इथे आल्या आल्या तिनं एक कार्यक्रम केला होता. गाण्याच्या मध्यावर पियानो थांबतो, गाणारी श्वास घेते, असा एक विसावा असतो. त्या विसाव्यात सभागृहातून "क्या बात है!" आलं, मागोमाग दहा जणांचं "वाह!" आलं. बिचाऱ्यांनी मनापासून दिलेली दाद ती. पण वीस वर्षं शांततेत गायलेल्या वासूची लय तुटली. पियानो पुढे गेला, ती मागे राहिली. परक्या देशात कधी झालं नाही ते आपल्या माणसांत झालं, हे तिला इतकं लागलं की त्यानंतर ती इथे लोकांसमोर स्वतः गायलीच नाही. विद्यार्थी गातात, ती बाजूला उभी असते.

"उद्यापुरता तरी नियम सोड," मी म्हणाले. "त्या पोरीचं आयुष्य आहे."

"म्हणूनच सोडणार नाही. तिथे तिला कोण वाह म्हणणार आहे? शांततेत उभं राहायची सवय नसेल, तर ती माझ्यासारखीच कोसळेल, फक्त उलट्या बाजूनं."

वासूचा हट्ट लहानपणापासून मला ठाऊक आहे. मी दही संपवलं आणि ताटली उचलली.

कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात होता. वासूनं सुरुवातीलाच नियम सांगितला. लोक एकमेकांकडे बघून हसले आणि शहाण्या मुलांसारखे बसले. हबीबभाई मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. पांढरी दाढी, इस्त्रीचा पठाणी, डोक्यावर जाळीची टोपी. मी मुद्दाम वळून पाहिलं, तर ते खरंच लोकांकडे बघत होते. एकेका रांगेवरून त्यांची नजर फिरत होती.

वकीलसाहेब गायले, परिचारिका गायली. सभागृह गप्प. शेवटी नाझनीन आली. विशीतली, चणीनं लहान, हिरवा दुपट्टा. पियानोवरच्या डॅनियल सरांनी सूर दिला आणि तिनं तोंड उघडलं.

मला इटालियन येत नाही. कुणा परत न आलेल्या माणसाची वाट बघणाऱ्या बाईचं गाणं आहे, एवढंच वासूनं सांगितलं होतं. तो आवाज त्या बारक्या पोरीतून येतोय यावर विश्वास बसेना. माइक नाही, काही नाही, आणि माझ्या छातीच्या फासळ्यांत काहीतरी थरथरत होतं. आवाज चढत गेला, चढत गेला, वर जाऊन थांबला, आणि तिथून तिनं तो इतका अलगद खाली आणला की जणू झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं. मग विसावा आला. पियानो थांबला. सगळीकडे चिडीचूप.

"वाह!"

कोण बोललं म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं, तर सगळे माझ्याकडे बघत होते. मीच बोलले होते. सांगलीची बाई मी, नाट्यगीतं ऐकत वाढलेली. अशी जागा आली की आमच्याकडे दाद बाहेर पडतेच, तिला कुणी विचारत नाही.

आणि मग धरणाचं दार उघडलं. "क्या बात है!" "जियो बेटा!" "वाह, पोरी, वाह!" संध्याकाळभर तोंडावर बोट ठेवून बसलेली माणसं एकदम सुटली. वकीलसाहेब तर उभेच राहिले. कुणीतरी मागून "वन्स मोअर!" असं ओरडलं. डॅनियल सरांचे हात पियानोच्या वर तसेच अधांतरी राहिले. नाझनीन घाबरून बाजूला, वासूकडे बघू लागली.

मी वासूकडे बघायचं धाडसच करत नव्हते, पण बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तेवढ्यात तिची नजर मागच्या दाराकडे गेली. मीही वळले. हबीबभाई खुर्चीवरून उठले होते. आता ते लोकांकडे बघत नव्हते. लेकीकडे बघत होते आणि डोळे पुसायचं भानही त्यांना नव्हतं.

वासूनं हात वर केला. सभागृह शांत झालं. आता बोलणी बसणार, असं मला वाटलं. पण तिनं डॅनियल सरांकडे बघून बोट हवेत मागे फिरवलं आणि म्हणाली, "तीच ओळ. पुन्हा."

नाझनीननं श्वास घेतला. पोटावरच्या पिशव्यांचा अर्थ मला तेव्हा कळला. तीच ओळ तिनं पुन्हा घेतली, आणि या खेपेला सूर वर जाऊन आणखी वेळ थांबला. या खेपेला मी तोंडात पदर कोंबला होता.

कार्यक्रम संपल्यावर हबीबभाई वासूपाशी आले. आधी रुमालानं डोळे पुसले. मग म्हणाले, "मॅडम, उद्या जेवायला आमच्या घरी. ताईंनाबी आना. आन ते पासपोर्टचं काय करायचं असतं, तेबी उद्याच सांगा." नाझनीननं वासूच्या खांद्यात तोंड खुपसलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीनं खुलताबादला निघालो. वाटेत दौलताबादचा किल्ला डोंगरावर ताठ बसलेला दिसला. पुढे घाट चढला आणि हवा बदलली. वेशीतून आत शिरलं की अरुंद रस्ते, दर्ग्याचे पांढरे घुमट आणि दोन्ही बाजूंना गुलाबांच्या टोपल्या. हबीबभाईंचं घर दुकानामागेच होतं. जेवायला नान-खलिया (भट्टीतली मऊ जाड रोटी आणि मटणाचा हळदीच्या रंगाचा रस्सा). मी दोन नान खाऊन हात आखडला, तर नाझनीनच्या आईनं तिसरी वाढलीच. "घ्या वो ताई, लाजता काय! तुम्ही वाह म्हनल्या, तवा आमचं काम झालं."

जेवण आटोपल्यावर हबीबभाई वासूसमोर बसले. "मॅडम, एक गुजारिश हाय. तुम्ही इतक्या जनांना गायला लावता. तुमाला मातर आमी कुनीच ऐकलं नाय."

मला वाटलं, ती टाळणार. वासूनं हातातला पेला खाली ठेवला. मग उठली आणि अंगणात डाळिंबाच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली. पियानो नव्हता. कालचंच गाणं तिनं घेतलं.

नाझनीन गायली होती ती येणाऱ्या दिवसांकडे बघत. वासू गायली तेव्हा त्यात तिची सगळी वर्षं होती. बर्फातून तालमीला जाणं होतं, घेरदार पोशाख होते, परक्या भाषेत पाठ केलेलं रडणं होतं. शेजारच्या गच्च्यांवर बायका येऊन उभ्या राहिल्या. ही माझी बहीण आहे, असं मला त्या प्रत्येकीला ओरडून सांगावंसं वाटत होतं. काल आम्ही सगळ्यांनी मोडलेला नियम हबीबभाईंनी आज पाळायचं ठरवलं होतं. त्यांनी तळहात तोंडावर घट्ट दाबून धरला होता.

सूर वर गेला, थांबला, खाली आला. विसावा आला. वासूनं श्वास घेतला, पण पुढची ओळ सुरू केली नाही. ती तशीच उभी राहिली, हबीबभाईंकडे बघत.

"हबीबभाई," ती म्हणाली, "बोला की."

त्यांनी तोंडावरचा हात काढला. "वाह," ते म्हणाले. "वाह, मॅडम, वाह!" गच्च्यांवरून, जिन्यातून, दुकानाच्या दारातून सगळीकडून वाहवा आली. आणि वासूनं, कुणी सांगितलं नसताना, तीच ओळ पुन्हा घेतली. लय कुठेही तुटली नाही.

निघायच्या दिवशी ती मला बसपर्यंत पोचवायला आली. "ताई, दिवाळीनंतर कार्यक्रम करतेय," ती म्हणाली. "माझा. मी गाणार."

"आणि तुझा नियम?"

"नियम तोच," वासू म्हणाली. "तू पहिल्या रांगेत बस."

सांगलीत उतरले तेव्हा पिशवीतले बूट जसेच्या तसे कोरे होते. शेजारणीनं फाटकातच गाठलं. "बघितलंत का वेरूळ?" नाही म्हटलं, तर ती कपाळावर हात मारत म्हणाली, "अहो, मग एवढ्या लांब जाऊन केलंत काय?"

"वाह म्हणून आले," मी म्हणाले. "आणि दिवाळीनंतर पुन्हा म्हणायला जाणार आहे."